बदलीवरचे अकराजण

मी फुटबॉल क्लबात नोकरी करते असं सांगितलं, की सिंगापुरातली मराठी मंडळी आधी माझ्या उंचीकडे बघायची, मग वयाकडे, आणि शेवटी माझ्या नवऱ्याकडे. तो आयटीत आहे हे कळल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडायचा. मग कुणीतरी विचारायचं, "म्हणजे मालिश वगैरे का?"

मालिशही करायचे, पण ते कामातलं शेवटचं. फिजिओथेरपिस्टचं खरं काम मॅच सुरू होण्याआधी दोन तास सुरू होतं. एकेक खेळाडू टेबलावर बसतो, पाय पुढे करतो, आणि तुम्ही त्याच्या घोट्याला चिकटपट्टी बांधता. ती नुसती गुंडाळायची नसते. पाऊल ज्या बाजूला मुरगळू शकतं त्या बाजूला जाऊच नये, पण धावताना मात्र मोकळं राहावं, असा तो बांध असतो. सैल पडला तर उपयोग नाही, घट्ट झाला तर अर्ध्या तासात बोटं बधिर. मॅच सुरू झाली की बाकावर बसून बॉलकडे न बघता माणसांकडे बघायचं. कुणी पडला आणि रेफरीने हात केला, की बॅग घेऊन पळायचं. आणि सगळ्यात अवघड भाग म्हणजे पडलेल्याचं खरं दुखणं ओळखणं. आपण पुढे असताना खेळाडू काही झालं नसलं तरी विव्हळत पडून राहतो, आणि मागे असताना पाय मोडला तरी "काही नाही, काही नाही" म्हणत उठतो. मी दोन्ही भाषा शिकले.

दोन हजार दहानंतरची ती वर्षं. क्लबचं नाव लिहीत नाही. तो आता नाहीसुद्धा. खेळाडू व्यावसायिक होते, म्हणजे फुटबॉलवरच त्यांचं घर चालायचं, पण इथल्या फुटबॉलला गर्दी बेताचीच. स्टेडियममध्ये प्रेक्षकांपेक्षा मैनाच जास्त दिसायच्या. खेळाडू बहुतेक मलय, आणि ते मला 'काक' म्हणायचे. मलयमध्ये काक म्हणजे ताई. पुण्याला आईला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, निदान काकू तरी म्हणायला सांग."

आमचा कप्तान फैझल, बचाव फळीतला, अंगाने दांडगा आणि बोलायला कमी. आणि डाव्या बाजूने पळणारा रिदवान, बाविशीतला, संघातला सगळ्यात वेगवान. माझ्या टेबलावर बसला की टेप लावून होईपर्यंत याच्या पोटात काय काय गेलं त्याचं वर्णन चालायचं. डाएटचा तक्ता मी त्याला तीनदा दिला होता.

एका सुट्टीच्या दिवशी क्लबच्या प्रायोजक कंपनीचा कौटुंबिक मेळावा होता. फुगे, आइस्क्रीम, कंपनीच्या साहेबांची भाषणं. तिथे आमच्या पोरांनी कंपनीच्या कर्मचाऱ्यांशी गमतीची मॅच खेळायची, असं मॅनेजर लिम यांनी ठरवलं होतं. मलाही बॅगेसकट यायला सांगितलं. त्या खेळकर मॅचमध्ये एक उत्साही अकाउंटंट रिदवानच्या अंगावर येऊन आदळला. रिदवानचं पाऊल गवतात रुतलेलं, आणि शरीर वळलं. मी बाजूलाच होते. गुडघ्यातून आवाज आला, ओली फांदी मोडावी तसा. मी कात्रीने त्याचा मोजा कापला आणि गुडघा तपासला. मग वर पाहिलं तर तो माझ्या तोंडाकडे बघत होता. "काक, सांग ना," तो म्हणाला. मी बर्फाची पिशवी काढायला बॅगेत वाकले, आणि त्याला कळलं.

गुडघ्याच्या आतला मुख्य बंध तुटला होता. तो आपोआप जुळत नाही. ऑपरेशन करून नवा घालावा लागतो. ते झालं नाही तर माणूस चालतो, ऑफिसला जातो, लग्नात नाचतोसुद्धा, पण पळता पळता एकदम वळू शकत नाही. रिदवानचा सगळा खेळ म्हणजे एकदम वळणं हाच होता.

क्लबने खर्च द्यायला नकार दिला. मेळावा सुट्टीच्या दिवशी होता, मॅच लीगची नव्हती, खेळाडू आपापल्या हौसेने गेले होते, असं वरून उत्तर आलं. वरून म्हणजे चेअरमनकडून. त्यांचा जहाजांच्या सुट्या भागांचा व्यवसाय होता आणि ते वर्षातून दोनदा मैदानावर यायचे. मी लिमना त्याच दिवशी म्हटलं होतं, "मलाही तुम्हीच पाठवलं होतंत." त्यांनी मान हलवली, खिशातून गोळी काढून मला दिली. आल्याची गोळी. अडचणीत आले की ते समोरच्याला आल्याची गोळी द्यायचे.

दोन दिवसांनी सरावानंतर फैझल त्यांच्यासमोर उभा राहिला. मागे सगळा संघ.

"बॉस, आम्ही सरावाला येऊ. वेळेवर येऊ. पण रिदवानचं ऑपरेशन होईपर्यंत मॅच खेळणार नाही."

सिंगापुरात संप हा शब्द लोक घरातसुद्धा हळू आवाजात उच्चारतात. फैझलनेही तो उच्चारला नाही. पण लिमचा चेहरा पांढरा पडला, कारण शनिवारी मॅच होती, आणि संघ उतरला नाही तर लीगमधून क्लबच बाद होणार होता. मग स्वयंपाकिणीपासून माळ्यापर्यंत सगळ्यांच्या नोकऱ्या गेल्या असत्या. हे त्यांनी फैझलला सांगितलं. फैझल म्हणाला, "माहीत आहे, बॉस. म्हणून तर तीन रात्री झोपलो नाही."

लिमनी मग फोन फिरवले. रविवारी हौसेने खेळणाऱ्या संघांतून, कॉलेजांतून, कुठून कुठून माणसं गोळा केली. आपल्याकडे गिरणीत बदली कामगार असायचे, तसे हे बदली खेळाडू. शुक्रवारी ते माझ्या टेबलासमोर रांगेत उभे राहिले. व्यायामशिक्षक, बँकेतला कारकून, मोटारसायकलवरून जेवण पोचवणारे दोघं भाऊ. एकाचे बूट इतके जुने की तळवा उघडा पडलेला.

गोलकीपर होता सेल्वम, पस्तिशी उलटलेला तमिळ गृहस्थ. जुरोंग आयलंडवरच्या एका रासायनिक कारखान्यात तो पाळीवर काम करायचा. पहाटे कंपनीच्या बसने जायचं, गेटवर पास दाखवायचा, दिवसभर पॅनेलवरचे आकडे बघायचे. एकोणिसाव्या वर्षी एका क्लबच्या कुमार संघातून त्याला 'उंची कमी पडते' म्हणून घरी पाठवलं होतं. बोटांना टेप लावून घेताना तो म्हणाला, "डॉक्टर, मला माहीत आहे मी कुणाच्या जागेवर आलोय. पण सोळा-सतरा वर्षांनी कुणीतरी फोन करून विचारलं, खेळणार का. मी नाही कसं म्हणू?"

मी डॉक्टर नाही, हे मी त्याला सांगितलं. त्याने ऐकलं नाही.

आणि त्या रांगेच्या टोकाला एक काटक, दाढी वाढलेला मुलगा माझ्या पिशवीवरचं पुण्याच्या दुकानाचं नाव वाचत उभा होता.

"ताई, मराठी व्हय तुम्ही?"

विक्रांत, कोल्हापूरचा. इथल्या विद्यापीठात पोस्टडॉक, बॅटरीत वापरायच्या कुठल्याशा पदार्थावर संशोधन करत होता. बाकी महाराष्ट्र क्रिकेटवर पोसतो, पण कोल्हापुरात पेठेपेठेच्या तालमींचे फुटबॉल संघ असतात आणि फायनलला दुकानं बंद होतात, हे मी ऐकून होते. पाहिलं ते या मुलात. त्याच्या वर्क पासवर, म्हणजे इथे काम करायच्या परवान्यावर, दुसरीकडे पगार घेता येत नव्हता, म्हणून तो फुकट खेळायला आला होता. "पैसे काय करायच्यात ताई? खरं स्टेडियम, खरा रेफरी, पाठीवर नंबर. आमच्यात याच्यासाठी माणसं नोकऱ्या सोडत्यात."

त्याला अकरा नंबर मिळाला. तो रिदवानचा, हे त्याला कुणी सांगितलं नाही.

पहिली मॅच आम्ही पाच गोलांनी हरलो. संपावरचे खेळाडू साध्या कपड्यांत स्टँडमध्ये बसले होते, ओळीने, हाताची घडी घालून. प्रेक्षकांनी बदली खेळाडूंची हुर्यो उडवली. विशेषतः सेल्वमची. गेटवर फैझलनेच त्याला अडवून म्हटलं होतं, "अंकल, तुमची जागा स्टँडमध्ये. आत कशाला चाललात?" सेल्वम मान खाली घालून आत आला होता. पण तिसऱ्या गोलनंतर स्टँडमधून एक जाडा आवाज आला: "कीपर! दोन पावलं पुढे! पुढे ये!" फैझल उभा राहिला होता. शेजारच्याने त्याला शर्ट धरून खाली बसवलं. सेल्वम दोन पावलं पुढे सरकला, आणि पुढचा बॉल त्याने अडवला. फैझल हाताची घडी घालून आकाशाकडे बघायला लागला. मी बाकावर तोंडावर टॉवेल धरून हसले.

मॅचनंतर सेल्वमचं एक बोट सुजलं होतं, खांदा सोललेला, आणि चेहरा असा की जणू कप जिंकलाय. त्याने मला फोन दिला आणि हातमोजे घालून फोटो काढायला लावला. चार फोटो. एकात डोळे मिटले म्हणून पाचवा.

दुसऱ्या मॅचला विक्रांतचा दिवस होता. त्याने मधल्या रेषेवरून बॉल घेतला, एकाला आतून चुकवलं, दुसऱ्याला बाहेरून, आणि डाव्या पायाने असा मारला की समोरच्या कीपरने मान वळवून फक्त जाळीकडे पाहिलं. आठवडाभर हुर्यो करणारे प्रेक्षक उभे राहिले. विक्रांत त्यांच्यासमोर जाऊन शड्डू ठोकून आला. सिंगापूरच्या मैदानावर शड्डू बहुधा पहिलाच. बाकामागच्या स्टँडमधला एक चिनी म्हातारा मला विचारत होता, "त्याच्या मांडीला काही झालं का?"

मांडीला नाही, पण पुढच्याच पंधरा मिनिटांत घोट्याला झालं. मागून लाथ बसली. मी पळत गेले तर हा म्हणतो, "कायबी नाही ताई. चिकटपट्टी मारा."

"उभा राहून दाखव."

तो उभा राहिला, हसला, आणि माझ्या खांद्यावर कोसळला.

मॅच आम्ही हरलो, पण एकाच गोलने. लिम खुशीत माझ्या खोलीत आले. "मंगळवारी त्याला उभा कर. टेप लाव, अजून एक टेप लाव. लोक त्याच्यासाठी तिकीट काढतील."

"त्याचा बंध अर्धा फाटलाय. आत्ता खेळला तर पूर्ण फाटेल. मी त्याला फिट म्हणणार नाही."

त्यांनी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "मंजिरी, तूही इथे पासवरच आहेस. तो पास क्लबच्या सहीवर चालतो."

बोलून झाल्यावर त्यांचे कान लाल झाले. बारा वर्षं क्लब सांभाळलेला, प्रत्येक खेळाडूच्या मुलाचा वाढदिवस लक्षात ठेवणारा माणूस तो. त्यांनी खिशात हात घातला, गोळी सापडली नाही, आणि ते तसेच बाहेर गेले. मी घरी आले. आम्ही वुडलँड्सला राहायचो. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "माझा पास वेगळा आहे, त्यावर तूही राहशील. तू घाबरू नकोस, फक्त उद्या डबा एकाचा करायचा की दोघांचा ते सांग." असं बोलणाऱ्या माणसाशी लग्न केल्याचा तेव्हा फार आधार वाटला.

दुसऱ्या दिवशी मी विक्रांतला एक्सरेसाठी नोव्हेनाला नेलं. क्लबचे सगळे एक्सरे, स्कॅन तिथल्याच एका दवाखान्यात व्हायचे. आणि तिथे बाकावर, कुबड्या शेजारी टेकवून, रिदवान बसला होता. गुडघ्याची सूज तपासायला आला होता. तोंड चुकवायला जागाच नव्हती. दोन बाकं आणि एक पाण्याचं मशीन.

रिदवानने विक्रांतच्या घोट्याकडे पाहिलं. "तू अकरा नंबर."

"हो."

"तो माझा आहे."

विक्रांतने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्याच्या तोंडावरचा रंग उतरला. तो इंग्रजीत म्हणाला, "मला कुणी सांगितलं नाही. मला वाटलं पगाराचं भांडण आहे."

"पगाराचं नाही. हे," रिदवानने गुडघ्यावर टिचकी मारली. नर्सने दुसऱ्याच कुणाचं नाव पुकारलं. शेवटी रिदवानच म्हणाला, "तो गोल मी पाहिला. आत वळून डावा पाय. मी ते वर्षभर सराव करतोय, मला जमत नाही. कसं करतोस?"

आणि विक्रांत एका पायावर उभा राहून, पाण्याच्या मशीनला धरून, त्याला ते दाखवायला लागला. रिदवान बसल्या बसल्या खांदे वळवत होता. मी दोघांना ओरडले. मला त्या दोन पोरांचा लळा लागला होता.

परत येताना एमआरटी ट्रेनमध्ये विक्रांतने विचारलं, "ताई, माझ्या घोट्याचं काय? उद्या पूर्ण फाटला तर कोण बघणार?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "बदली खेळाडूंसाठी तशी काही सोयच केलेली नाही."

"म्हणजे सेल्वम अण्णाचा खांदा गेला तर?"

"तर तो पॅनेलसमोर कसा बसतो ते त्याचं त्याने बघायचं."

पुढचं स्टेशन येण्याआधी त्याने फोन काढून सेल्वमला लावला.

मंगळवारी संध्याकाळी मी सगळ्यांना टेप लावलं. विक्रांत साध्या कपड्यांत कोपऱ्यात बसला होता; मी त्याला अनफिट म्हणून कळवलं होतं आणि लिमनी ते मान्य केलं होतं. बाकीचे तयार होते. बूट बांधलेले, शर्ट आत खोचलेले. बाहेर संघ बोलावल्याची घंटा झाली. कुणी उठलं नाही.

लिम आत आले. "चला."

सेल्वम उभा राहिला. हातमोजे काढून त्याने काखेत धरले. "बॉस, एक विचारू? आज माझा खांदा निखळला तर ऑपरेशन कोण करणार?"

लिमनी घड्याळाकडे पाहिलं.

"माझ्या घरी चार माणसं आहेत. मी खुशीने खेळतो, आज नाही तर कधीच खेळणार नाही, हे मला कळतं. पण बाहेर ती पोरं ज्याच्यासाठी बसलीत, तेच उद्या माझं होणार. मग मी आत जाऊन त्यांच्याविरुद्ध कसा खेळू? आम्ही जात नाही."

लिमनी एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. व्यायामशिक्षकाने मान हलवली, दोघा भावांनी हलवली. लिम मटकन बाकावर बसले आणि हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "देवा, तुम्ही तर संप मोडायला आणलेली माणसं!"

मग ते एकदम थांबले, फोन काढला, चेअरमनना लावला. दोन वाक्यं बोलले आणि फोन माझ्या हातात दिला. "तू सांग. मी सांगितलेलं त्यांना कधी पोचत नाही."

मी आयुष्यात त्यांच्याशी बोलले नव्हते. मी म्हटलं, "सर, रिदवान ऑपरेशनशिवाय चालेल, पण खेळणार नाही."

"तो सुट्टीवर होता," पलीकडून आवाज.

"सर, मी सुट्टीवर नव्हते. मला बॅग घेऊन पाठवलं होतं. सुट्टी असती तर मी आइस्क्रीम खायला कात्री घेऊन गेले नसते. मी त्याचा मोजा कापला. क्लबचाच मोजा होता."

दारावर रेफरी टकटक करत होता. मग प्रश्न आला, "त्याचं वय काय?"

"बावीस, सर."

"लिमला दे."

लिम "हो, हो" एवढंच म्हणत राहिले. फोन ठेवून त्यांनी घसा साफ केला. "रिदवानचं ऑपरेशन होईल. आणि यापुढे क्लबचा शर्ट अंगावर असेल, तर मॅच असो, मेळावा असो, बदली असो, उपचार क्लबचे. आज रात्रीच लिहून देतो. आता कृपा करून मैदानावर जा."

पत्रकावर नावं दिलेली होती, त्यामुळे त्या संध्याकाळी फैझलच्या संघाला उतरता येणार नव्हतं. बदली अकराजणच उतरले. मी स्टँडपाशी जाऊन फैझलला बातमी दिली. त्याने तोंड दोन्ही हातांत धरलं. मग तो उठला आणि सगळी रांग घेऊन कठड्यापाशी येऊन उभा राहिला, आणि पुढचा दीड तास ती पोरं घसा फाटेस्तोवर सेल्वमच्या नावाने ओरडत होती. मॅच हरलोच. कुणाला पडली होती?

शनिवारी जुना संघ परतला. बदली खेळाडूंना निरोप असा कुणी दिला नाही. ज्याला त्याला टॅक्सीने, बसने आपापल्या कामाला जायचं होतं. फैझलने प्रत्येकाचा हात हातात घेतला, एवढंच. क्लबच्या भिंतीवर त्या हंगामाचा फोटो लागला त्यात ते नाहीत. ही रुखरुख मला आजही आहे. विक्रांतचा घोटा बरा झाला, तो कोल्हापूरला प्राध्यापक झाला, आणि अजून मला सामन्यांचे व्हिडिओ पाठवतो. रिदवान पुढच्या हंगामात खेळला. पूर्वीचा तो वेग आला नाही, हे मला आणि त्याला ठाऊक होतं. पण आत वळून डावा पाय मारायला तो शिकला.

क्लब बंद पडल्यावर मी एका दवाखान्यात लागले. आता माझे पेशंट म्हणजे गुडघे धरलेल्या आज्या आणि माना आखडलेले इंजिनिअर. गेल्या वर्षी एक दिवस दार उघडून सेल्वम आत आला, केस पांढरे, उजवा खांदा आखडलेला. बरोबर बायको. मी त्याला टेबलावर झोपवलं आणि हात हळूहळू वर न्यायला लागले.

बायको खुर्ची ओढून जवळ आली. "डॉक्टर, तुम्हीच त्या क्लबात होतात ना? मग खरं सांगा. हा म्हणतो मी व्यावसायिक फुटबॉल खेळलोय. फोटो दाखवतो. घरात कुणी विश्वास ठेवत नाही."

"खेळलाय," मी म्हटलं. "तीन मॅच. मीच त्याच्या बोटांना टेप लावायचे."

ती नवऱ्याकडे वळून बघत राहिली. नव्यानेच ओळख झाल्यासारखी. मग संशयाने परत माझ्याकडे वळली. "गोल किती खाल्ले?"

सेल्वमने टेबलावर पडल्या पडल्या डोळे घट्ट मिटून घेतले.

"ते नाही सांगता यायचं," मी म्हटलं, "मी त्याची बोटं बघत होते."